लाल बोयाला वळसा

आमच्या बंदरात एकशे चाळीस बोटी आहेत आणि त्यातल्या फक्त चौदा बोटींवर माणसांना कायमचं राहता येतं. बाकीच्यांनी यायचं, बोट पुसायची, बिअर प्यायची, फार तर आठवड्याला तीन रात्री झोपायचं आणि मुकाट्याने घरी जायचं. त्या चौदांतली एक मी. आर्डिस कॅलिओ, वय एकाहत्तर, सी धक्का, नऊ नंबर, एकोणीस वर्षं. चौदांपैकी कुणी मेलं, कुणी मुलीकडे राहायला गेलं, कुणा नवरा-बायकोचं फाटलं, की एक परवाना त्या जागेसकट मोकळा होतो आणि यादीतल्या पहिल्या माणसाला मिळतो. म्हणून आमच्याकडे कुणी दोनदा खोकलं की तिसऱ्या धक्क्यावरून विचारपूस येते.

गेल्या सप्टेंबरात बारा नंबरचा हार्लन गेला. यादीत पहिला होता ऑरिन ट्वाइट आणि दुसरा माझा धाकटा भाऊ व्हर्न.

व्हर्नबद्दल आधीच सांगून टाकते. बायकोने घराबाहेर काढल्यापासून तो माझ्या बोटीवर जेवणाच्या बाकावर झोपत होता. नियमाप्रमाणे पाहुण्याला महिन्यात दहा रात्री मिळतात, तो तिसाव्या रात्रीही तिथेच असायचा. सार्डिनचे डबे उघडून तेल माझ्या परद्याला पुसायचा. सकाळी सहाला रेडिओ लावायचा. त्याची स्वतःची बोट होती, ए धक्क्यावर. भंगार, आत शेवाळ्याचा वास आणि गादीला बुरशी, पण इंजिन ठणठणीत, कारण खेकडे धरायला तो रोज बाहेर जायचा. मला माझा बाक परत हवा होता. या गोष्टीत याहून मोठं कारण शोधू नका.

ऑरिन चौसष्ट वर्षांचा. आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तो राहायचा ती इमारत पाडणार होते, मार्चअखेर खोली सोडायची होती. त्याने एका डॉक्टरची बत्तीस फुटी शिडाची बोट घेतली, ‘सिग्ने’ नावाची. ती माझ्यासमोरच, दहा नंबरात, दोन उन्हाळे जागची हललेली नव्हती. ऑरिनला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी तो धक्क्यावरून आत उतरला तो बूट काढून, हातात टोपी घेऊन, कुणाच्या घरी आल्यासारखा.

बंदराची मॅनेजर मर्ना. परवान्यासाठी ती सहा महिने देते. तेवढ्यात बोट राहण्याजोगी करायची, मग ती तपासायला येते. पास झालं तर परवाना, नापास झालं तर जागा यादीतल्या दुसऱ्याला. नापास माणूस यादीतच राहतो, पुढच्या मोकळ्या जागेसाठी पहिला. तपासणीचा एक कागद मिळतो. धुराचा अलार्म, आग विझवायचा सिलिंडर, संडासाच्या टाकीत निळा रंग टाकून बाहेर पाण्यात उतरतो का ते बघणं, असं एकेक. शेवटची ओळ एवढीच, की बोट स्वतःच्या बळावर चालती हवी.

या ओळीचा अर्थ धक्क्यावर पोराटोरांना ठाऊक आहे. सगळं तपासून झालं की मर्ना धक्क्याच्या टोकाला उभी राहते आणि समुद्राकडे हात करते. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याबाहेर जायचं, तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा आणि कुणाची मदत न घेता आपल्या जागेवर परत यायचं. कागदावर हे कधीच लिहिलेलं नाही. आधीच्या मॅनेजरपासून असंच चालत आलंय, आणि शेजारी शेजाऱ्याला सांगतो.

ऑरिनचा शेजारी मी होते.

ऑक्टोबरात एका सकाळी तो कागद घेऊन माझ्या बोटीपाशी आला. आत येत नव्हता, धक्क्यावरच उभा.

“आर्डिस, जरा विचारायचं होतं. हे ‘चालती’ म्हणजे नक्की काय बघतात?”

व्हर्न आत बाकावर पसरला होता. त्याने घोरणं थांबवलं, म्हणजे कान टवकारले.

“इंजिन सुरू होतं का ते बघतात,” मी म्हटलं. “किल्ली फिरवायची, धूर निघाला की झालं.”

“एवढंच?”

“अरे, बोट उभीच राहायची आहे ना? तुला काय जपानला जायचंय? मर्ना बघते ते आतलं. तू आतली ऊब बघ.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “मला तीच धास्ती होती. मला चालवता येत नाही अजून. आतलं काय, ते माझ्या हातचं आहे.”

“मग झालं तर. आणि हे बघ, इंजिन आठवड्यातून एकदा सुरू करत जा, पण गिअरमध्ये टाकू नकोस. बांधलेल्या बोटीला ओढ बसते, दोर तुटतात.”

दोर काही तुटत नाहीत. गिअर टाकला असता तर बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरला असता आणि त्याला कळलं असतं की बोट दोराला ओढच देत नाही. दोन उन्हाळे उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर काय साठलं असेल ते मला दिसत होतं, पाण्यात न उतरता.

तो गेल्यावर व्हर्न उठून बसला. “आर्डी, तू फार वाईट आहेस गं.”

“तुला जागा हवी की नको?”

“हवी की. मी नुसतं म्हटलं.”

त्याच आठवड्यात मी धक्क्यावर फिरले. टक नावाचा एक शेजारी आहे, त्याला म्हटलं, तेरा नंबरच्या जुळ्या बहिणींना म्हटलं, बाबांनो, ऑरिनला बोयाचं कुणी सांगायचं नाही, जरा गंमत आहे. गंमत म्हटली की आमच्याकडे तोंडाला कुलूप लागतं. हिवाळ्यात दुसरी करमणूक तरी काय असते? रोज पाऊस, साडेचारला अंधार. ऑरिन ही आमची त्या वर्षीची करमणूक होती.

मग त्याचं काम सुरू झालं आणि ते मला बघवेना. त्याने छताला आतून दोन इंच फोम लावला, वर देवदाराच्या पट्ट्या, एक खिळा दिसेल तर शपथ. आमच्या सगळ्यांच्या बोटींत सकाळी छतातून पाणी ठिबकतं, अंथरुणं ओली होतात, मी एकोणीस वर्षं उशीवर प्लास्टिक घालून झोपते. त्याच्या बोटीत ठिपका नाही. गादीखाली हवा खेळायला जाळीची फळी केली. भांडी हलू नयेत म्हणून प्रत्येक कपाला लाकडात वेगळा खड्डा. छोटी पितळी शेगडी बसवली, तिच्यासाठी नाताळात तो लाकडाचे ढलपे मोजून कापत बसलेला. शेगडीवर कॉफी करायचा आणि एक कप मला आणून द्यायचा. रोज. “आर्डिस, तुमच्यामुळे मला दिशा मिळाली,” म्हणायचा. मी कॉफी प्यायची. चांगली असायची.

जानेवारीत बोलता बोलता मी म्हटलं, मागच्या उघड्या बसायच्या जागेवर कायमचा तंबू कर, पाऊस आत येणार नाही, एक खोली वाढेल. मोठं शीड उतरव, आडवा दांडा तंबूचा कणा म्हणून वापर, पक्का ठोकून टाक. “आणि पुढचं शीड?” तो म्हणाला. जुनंच होतं, पण धड होतं. “त्याचे पडदे शिव,” मी म्हटलं. “शिडाचं कापड कुजत नाही.”

त्याने विश्वासाने कात्री घेतली. मी माझ्या खिडकीतून बघत होते. धक्क्यावर शीड पसरलेलं, तो गुडघ्यांवर बसून खडूने खुणा करतोय, जीभ दातांत धरून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. एकदा वाटलं हाक मारावी. तेवढ्यात मागून व्हर्नने विचारलं, अंडी आहेत का. नव्हती, कारण सकाळी त्यानेच चार खाल्ली होती. मी हाक मारली नाही.

मार्चच्या बारा तारखेला, सकाळी दहाला, मर्ना आली. तपासणीला सगळा धक्का कप घेऊन बाहेर येतो, ही आमची रीत. टक खुर्ची घेऊन आला होता. बहिणींनी डोनट आणले होते. ऑरिनने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. आदल्या दिवशी त्याने खोलीतलं उरलंसुरलं सामान आणून बोटीत लावलं होतं, बायकोचा फोटो शेगडीवरच्या फळीवर, मागून दोन स्क्रूने पक्का.

मर्ना आत गेली ती अर्धा तास बाहेर येईना. आली तेव्हा डोळे मोठे झालेले. “एकवीस वर्षांत मी अशी बोट बघितली नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “लोकांच्या घरात नसतं असं काम आहे. माझी बहीण येईल तेव्हा तिला दाखवायला आणू का?”

“केव्हाही आणा,” ऑरिन म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. मीही हसले. काय करणार?

“बरं,” मर्नाने कागदावर खूण केली. “दोर सोड. लाल बोयाला वळसा घालून ये, की सही करते.”

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तोंडावर हसू तसंच राहिलं, आणि हळूहळू एकेक माणसाकडे बघता बघता ते गेलं. टक डोनट चावायचा थांबला. शेवटी ऑरिनची नजर माझ्यावर आली. मी कप तोंडाला लावला. कपात काही नव्हतं.

“चालती बोट हवी, ऑरिन. कागदावर आहे,” मर्ना म्हणाली. “तुला कुणी सांगितलं नाही?”

ऑरिनने तंबूच्या बाजू वर गुंडाळल्या, इंजिन सुरू केलं आणि स्वतःच दोर सोडले. मला त्याचा राग आला, खरं सांगते. नाही म्हणाला असता, महिनाभर मुदत मागितली असती, मर्नाने दिलीही असती. पण त्याचा स्वभाव सांगितलेलं करायचा.

बोट मागे चार फूट सरकली ती वाऱ्याने. त्याने गिअर टाकला. इंजिन खोकायला लागलं, मागे काळा धूर आणि पाण्यात नुसता फेस. पंख्यावर शिंपल्यांचा कोबीएवढा गड्डा होता, तो फिरत होता, पण पाणी कापत नव्हता. नैर्ऋत्येचा वारा त्या उंच तंबूत भरला आणि बोट आडवी होऊन बी धक्क्याकडे वाहायला लागली. ऑरिन सुकाणू इकडून तिकडे फिरवत होता, ज्या बाजूला फिरवायचं त्याच्या उलट. शीड चढवायचं तर शिडाचे पडदे झालेले. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, कारण एकदा हसू फुटलं की आवरत नाही. आतून कप पडल्याचा आवाज आला नाही, एकही. प्रत्येक आपल्या खड्ड्यात घट्ट बसलेला.

बी सातच्या बोटीवर तो आपटला, कठडा वाकला. व्हर्न आपली लहान होडी घेऊन गेला आणि दोर टाकून त्याला ओढत आणलं. येताना ओरडला, “काका, घर छान आहे, पण पत्ता बदलायला निघालं होतं!” व्हर्न साठीचा आणि ऑरिन चौसष्टचा, तरी काका.

दुपारी व्हर्नची बोट तपासली. बुरशी होती, पण बुरशीसाठी कागदावर ओळ नाही. बारा मिनिटांत तो बोयाला वळसा घालून आला, एका हातात सँडविच. मर्नाने सही केली. संध्याकाळी मी बाकावरची चादर धुतली आणि पाय लांब करून त्यावर बसले. सुख वाटलं. खोटं कशाला बोलू?

एक एप्रिलला ऑरिनची इमारत गेली. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन रात्री तो बोटीवर झोपतो आणि चार रात्री वरच्या पार्किंगमध्ये, गाडीत. दिवसा बोटीवरच असतो. शेगडी पेटवतो, जेवतो, फरशी पुसतो आणि नऊ वाजता दार लावून, शेगडी विझली का ते दोनदा बघून, उशी काखेत घेऊन वर चढतो. माझ्या बोटीसमोरूनच जातो. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, “ऑरिन, मला वाटलं तुला माहीत असेल.” तो थांबला. “हो का,” म्हणाला आणि गेला. कॉफी आणायचा बंद झाला.

पण त्याने पोहायचा रबरी सूट घेतला. एप्रिलच्या त्या पाण्यात, हात निळे पडतात अशा, तो रोज खाली उतरून खरवडायचा. पंखा पितळेचा पिवळा लखलखीत केला. तंबू काढला. पडदे उसवून पुन्हा शीड शिवलं, जोडांचं, गोधडीसारखं. मेच्या पहिल्या शनिवारी तो एकटा बाहेर गेला आणि बोयाला वळसा घालून आला. पुढच्या शनिवारी दोनदा. कुणी कप घेऊन बाहेर आलं नाही.

बंदराच्या मंडळाची महिन्याला सभा असते. कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. सहसा लोक सीगलच्या घाणीबद्दल बोलतात. मेच्या सभेत ऑरिन उठला, हातात टोपी, आणि एकच प्रश्न विचारला. “माझी तक्रार नाही. मी नापास झालो ते बरोबर. फक्त एवढंच, की ही अट नव्या माणसालाच आहे की परवाना असलेल्या सगळ्यांना?” मग खाली बसला. दोन मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक होते.

मंडळाने मर्नाकडे बघितलं. मर्नाने कागदाकडे. आठव्या दिवशी न्हाणीघराच्या दारावर नोटीस लागली. चौदाच्या चौदा बोटींनी एक जूनपर्यंत लाल बोयाला वळसा घालून दाखवायचा, अन्यथा परवाना रद्द.

माझी बोट ‘लकी पेनी’ अकरा वर्षं जागची हललेली नाही. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, तेवढं मी राखलंय. खाली काय आहे ते बघायला मी धक्क्यावर आडवी पडले आणि पाण्यात टॉर्च मारला. पंखा दिसलाच नाही. तिथे शिंपल्यांची झुडपं होती आणि त्यात मासे राहत होते.

पाणबुड्याला फोन केला, तो जुलैपर्यंत मोकळा नाही, नोटिशीमुळे सगळे त्यालाच बोलावत होते. मग व्हर्नकडे गेले. तो बारा नंबरात रेडिओ लावून बसला होता.

“माझी पाठ, आर्डी,” तो म्हणाला. “थंड पाण्यात उतरलो तर आखडेल.”

“तुझ्यासाठी मी काय केलं ते विसरलास?”

“ते तू बाकासाठी केलंस.” त्याने सार्डिनचा डबा उघडला. “एवढं काय घाबरतेस? परवाना गेला तर माझ्या बाकावर झोप की. महिन्यात दहा रात्री.” आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. आमच्या घराण्यात ते रक्तातच आहे.

एकोणतीस मेला सकाळी मी ‘सिग्ने’पाशी गेले. आयुष्यात कुणापुढे हात पसरले नव्हते. ऑरिन बाहेर बसून दोर गुंडाळत होता. रबरी सूट कठड्यावर वाळत टाकलेला.

“ऑरिन,” मी म्हटलं, “मी चुकले. मुद्दाम केलं ते. तुला सगळं माहीत आहेच. पण मला जायला दुसरी जागा नाही रे. पंखा तेवढा साफ करून दे. हवं तर पाया पडते.”

त्याने दोराचं वेटोळं पुरं केलं, खुंटीला लावलं. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“इंजिन सुरू होतं ना?” त्याने विचारलं.

“होतं.”

“मग किल्ली फिरवायची, धूर निघाला की झालं.” अगदी मायेने म्हणाला. “बोट उभीच राहायची आहे, आर्डिस. तुम्ही आतली ऊब बघा.”

मी तिथेच उभी राहिले. तो आत गेला आणि बाहेर आला तो हातात सुताराची पिवळी टेप घेऊन. बूट घातले, धक्क्यावर उतरला आणि माझ्या बोटीकडे चालायला लागला. मीही मागोमाग गेले, वाटलं मन बदललं. नऊ नंबरापाशी तो वाकला, धक्क्याच्या कडेला टेपचं टोक लावलं आणि वर बघितलं.

“आलाच आहात तर जरा हे टोक धरा,” तो म्हणाला. “दहा नंबरात लाटा फार लागतात. तुमची जागा बंधाऱ्याच्या आड आहे. ‘सिग्ने’ इथे बसते का, तेवढं बघतो.”

मी टोक धरलं. तो टेप सोडत सोडत मागे गेला, माझ्या कुंड्यांवरून, माझ्या खुर्चीवरून, शेवटच्या खुंटीपर्यंत. आकडा त्याने हातावर पेनने लिहिला.

“चौतीस फूट,” तो म्हणाला. “बसते. सोडा आता.”